'एवढं एकच करून द्या की!' : छोट्या सॉफ्टवेअर प्रोजेक्टमध्ये सतत बदलणाऱ्या मागण्या कशा हाताळायच्या?

"बिलावर दुकानाचं नाव जरा मोठं दिसू दे." "उधारीवाल्यांची यादी वेगळी काढता येईल ना?" "मालाची नोंद मोबाईलवरून पण झाली तर बरं होईल." छोट्या व्यावसायिकांना सॉफ्टवेअर बनवून देणाऱ्या कुणालाही विचारा. अशा मागण्या आणि त्यांच्या शेवटी येणारं 'एवढं एकच करून द्या की' हे वाक्य त्यांना तोंडपाठ असतं.

यात मागणारा काही गैर मागत नसतो. त्याला त्याची गरज आत्ता कळलेली असते. बनवणाराही 'होऊन जाईल' म्हणतो, कारण पहिल्याच ग्राहकाला नाही कसं म्हणायचं? पण अशी वीस-पंचवीस 'एवढीशी' कामं जमली की दोन महिन्यांचा प्रोजेक्ट चार-पाच महिन्यांवर जातो. शेवटचा हप्ता अडकतो. एकाला वाटतं, 'पैसे घेऊन काम अर्धवट ठेवलं.' दुसऱ्याला वाटतं, 'फुकटात राबवून घेतलं.'

हे नेमकं का होतं? बदल थांबवता येतात का? आणि दोन-तीन जणांच्या टीमने ते सांभाळायचे कसे? समजून घेऊया.

मागण्या मुळात बदलतात का?

एक उदाहरण धरून चालू. समजा, सांगलीतल्या एका हार्डवेअर आणि बांधकाम साहित्याच्या दुकानासाठी दोन तरुण बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर बनवत आहेत. ठरलेली रक्कम १ लाख २० हजार रुपये आणि मुदत आठ आठवडे. या काळात मागण्या साधारण तीन कारणांनी बदलतील.

पहिलं कारण म्हणजे राहून गेलेली गोष्ट. दुकानदार काकांनी पहिल्या बैठकीत उधारीचा विषयच काढला नाही, कारण त्यांच्या दृष्टीने ती सांगायची गोष्टच नव्हती. त्यांच्या धंद्यात कंत्राटदार माल आज नेतो आणि पैसे महिन्याने देतो. हे त्यांना इतकं अंगवळणी पडलंय की समोरच्याला ते माहीत नसेल, असं त्यांच्या मनातही आलं नाही. बनवणाऱ्यांनीही विचारलं नाही.

दुसरं कारण म्हणजे पाहिल्यावर सुचलेली गोष्ट. कागदावर 'स्टॉकचा रिपोर्ट' एवढंच लिहिलं होतं. स्क्रीनवर तो दिसल्यावर काकांच्या लक्षात आलं की पाइप नगावर विकले जातात, वायर मीटरवर आणि खिळे किलोवर. एकाच रकान्यात सगळं बसणार कसं? वापरून पाहिल्याशिवाय हे सुचणं अवघडच असतं.

तिसरं कारण बाहेरून येतं आणि त्यावर दोघांचंही नियंत्रण नसतं. याचं सगळ्यांच्या ओळखीचं उदाहरण म्हणजे जीएसटी.

जीएसटीने काय शिकवलं?

१ जुलै २०१७ ला देशभर जीएसटी लागू झाला. तेव्हापासून बिलिंग सॉफ्टवेअर बनवणाऱ्यांना नियम बदलले की कामाला लागावं लागतं. नोव्हेंबर २०१७ मध्ये गुवाहाटीत झालेल्या जीएसटी परिषदेच्या बैठकीत पावणेदोनशेहून अधिक वस्तू २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणल्या गेल्या. निर्णय १० नोव्हेंबरचा, अंमलबजावणी १५ नोव्हेंबरपासून. म्हणजे हातात फक्त पाच दिवस.

ई-इन्व्हॉइसचंही तसंच. १ ऑक्टोबर २०२० ला ते ५०० कोटींपेक्षा जास्त उलाढाल असणाऱ्यांना सक्तीचं झालं. मग ही मर्यादा टप्प्याटप्प्याने १००, ५०, २० आणि १० कोटींवर आली. १ ऑगस्ट २०२३ पासून ती ५ कोटी झाली. सुरुवातीला 'हे आपल्या ग्राहकांना लागूच नाही' म्हणून बाजूला ठेवलेली गोष्ट तीन वर्षांत अनेक मध्यम व्यापाऱ्यांच्या दारात आली.

आणि ३ सप्टेंबर २०२५ ला परिषदेने दरांची रचनाच बदलली. १२ आणि २८ टक्क्यांचे टप्पे गेले. बहुतेक वस्तू ५ आणि १८ टक्क्यांत आल्या आणि काही निवडक वस्तूंसाठी ४० टक्क्यांचा दर आला. सिमेंट २८ वरून १८ टक्क्यांवर आलं. अंमलबजावणी २२ सप्टेंबरपासून, म्हणजे १९ दिवसांनी.

आता आपल्या सांगलीच्या सॉफ्टवेअरमध्ये सिमेंटचा २८ टक्के हा आकडा थेट कोडमध्ये ठिकठिकाणी लिहिला असेल तर काय होईल? प्रत्येक जागा शोधून बदलावी लागेल. एखादी जागा हमखास राहून जाईल. शिवाय आणखी एक अडचण आहे. १० सप्टेंबरला विकलेल्या सिमेंटच्या गोण्या २५ तारखेला परत आल्या, तर त्याची क्रेडिट नोट मूळ बिलावरच्या २८ टक्क्यांनीच काढावी लागते. म्हणजे जुना दर पुसून चालत नाही.

हेच दर वेगळ्या तक्त्यात ठेवले आणि प्रत्येक दरापुढे 'या तारखेपासून' असा रकाना ठेवला, तर हे काम मुख्यतः तक्त्यात नव्या नोंदी भरण्याचं उरतं. पुढे नेमकं काय बदलणार हे आधी कुणालाच कळत नाही. पण काय बदलण्याची शक्यता आहे, हे बऱ्याचदा ओळखता येतं.

सॉफ्टवेअरवाल्यांना हा प्रश्न नवा आहे का?

अजिबात नाही. या क्षेत्रात यावर पन्नासहून अधिक वर्षं चर्चा सुरू आहे.

१९७० मध्ये अमेरिकन संगणकतज्ज्ञ विन्स्टन रॉइस यांनी मोठ्या सॉफ्टवेअरच्या व्यवस्थापनावर एक निबंध लिहिला. आधी सगळ्या गरजा ठरवायच्या, मग आराखडा, मग कोड, मग चाचणी अशा पायऱ्यांची आकृती त्यात होती. पुढे ही पद्धत 'वॉटरफॉल' म्हणून ओळखली गेली. गंमत म्हणजे रॉइस यांनी हा शब्द वापरलाच नव्हता. उलट, एकाच दिशेने सरळ खाली जाणारी ही पद्धत धोक्याची आहे, असं त्यांनीच त्या निबंधात म्हटलं होतं. चाचणी शेवटी होते आणि तेव्हा चूक सापडली तर परत वर चढावं लागतं, हे त्यांचं कारण होतं.

आयबीएममध्ये एका प्रचंड ऑपरेटिंग सिस्टीमचं काम सांभाळलेले फ्रेड ब्रुक्स यांनी १९८६ च्या एका निबंधात मूळ दुखण्यावर बोट ठेवलं. नेमकं काय बनवायचं हे ठरवणं हाच सॉफ्टवेअरमधला सगळ्यात अवघड भाग आहे आणि आपल्याला काय हवंय हे ग्राहकालाही सहसा पूर्ण माहीत नसतं, असं त्यांचं म्हणणं होतं.

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या स्नोबर्ड इथं १७ जण जमले आणि त्यांनी 'अजाईल' जाहीरनामा लिहिला. त्यासोबत १२ तत्त्वं आहेत. त्यातलं दुसरंच तत्त्व सांगतं की बदलत्या गरजांचं स्वागत करा, अगदी काम शेवटाला आलं असलं तरी.

इथे एक गैरसमज होतो. 'आम्ही अजाईल आहोत' याचा अर्थ अनेक जण 'आम्ही काहीच लिहून ठेवत नाही' असा घेतात. जाहीरनाम्यात तसं नाही. बदलाला प्रतिसाद देणं हे योजनेला चिकटून राहण्यापेक्षा जास्त मोलाचं, असं त्यात म्हटलंय. पण योजना आणि करार यांनाही मोल आहे, हेही तिथेच स्पष्ट केलंय.

छोट्या प्रोजेक्टचं गणित वेगळं कसं?

चूक जितकी उशिरा सापडेल तितकी महाग, हा नियम तुम्ही ऐकला असेल. सॉफ्टवेअर हातात दिल्यानंतर सापडलेली चूक सुरुवातीच्या तुलनेत शंभरपट महाग पडते, असं नेहमी सांगितलं जातं. पण बॅरी बोहम आणि व्हिक्टर बॅसिली या अभ्यासकांनी २००१ मध्येच लिहिलं होतं की छोट्या आणि फारसा धोका नसलेल्या सॉफ्टवेअरमध्ये हे प्रमाण शंभरपट नसून साधारण पाचपट असतं.

ही छोट्या टीमसाठी चांगली बातमी आहे. बदल मोठ्या प्रोजेक्टइतका जीवघेणा नसतो. मग छोटे प्रोजेक्ट एवढे का अडकतात?

कारण तिथे झटका सोसायला जागा नसते. मोठ्या कंपनीत ग्राहकाशी बोलणारा, कोड लिहिणारा आणि हिशेब ठेवणारा माणूस वेगळा असतो. इथे तिन्ही कामं एकाच माणसाकडे. रक्कम आधीच ठरलेली. मागण्या येतात त्या फोनवर, चहा पिताना किंवा रात्री अकराच्या व्हॉट्सॲप व्हॉइस नोटमध्ये. थोडक्यात, प्रत्येक बदल छोटा असतो आणि कुठेच मोजला जात नाही. सॉफ्टवेअरच्या जगात याला 'स्कोप क्रीप' म्हणतात. आपल्याकडे 'थेंबे थेंबे तळे साचे' म्हणतात, तेच इथे उलट्या अर्थाने घडतं.

आकडे मांडून पाहू. आपल्या उदाहरणात दोन जण आठवड्यातले सहा दिवस काम करतात. आठ आठवड्यांचे झाले ९६ मनुष्यदिवस. १ लाख २० हजारांना ९६ ने भागलं तर एका दिवसाचे १,२५० रुपये होतात. आता आठवड्याला तीन बदल आले आणि प्रत्येकाला चाचणीसकट चार तास लागले असं धरू. आठवड्याला १२ तास, आठ आठवड्यांत ९६ तास. आठ तासांचा दिवस धरला तर १२ दिवस, म्हणजे १५ हजार रुपयांचं काम. एकही बदल मोठा नव्हता, तरी एका माणसाचे पूर्ण दोन आठवडे गेले. आणि हे बिलात कुठेच दिसत नाही.

'छोटा' बदल खरंच छोटा असतो का?

काका म्हणतात, "बिलात डिस्काउंटचा एक रकाना टाका." दिसायला हा एक रकाना आहे. पण आत काय काय हलतं ते पाहा.

डिस्काउंट प्रत्येक वस्तूवर की एकूण बिलावर? टक्क्यांत की रुपयांत? विक्रीच्या वेळी बिलावर दाखवलेलं डिस्काउंट वजा करून उरलेल्या रकमेवर जीएसटी लागतो, म्हणून कराचं गणित बदलतं. एकूण बिलावर डिस्काउंट दिलं आणि बिलात वेगवेगळ्या दरांच्या वस्तू असतील, तर ते सगळ्या वस्तूंवर वाटावं लागतं. छापील बिलाचा नमुना बदलतो. महिन्याच्या विक्रीचा रिपोर्ट बदलतो. माल परत आला तर किती पैसे द्यायचे, तेही बदलतं. आणि काउंटरवरचा मुलगा किती टक्क्यांपर्यंत सूट देऊ शकतो, हा प्रश्न उरतोच.

काकांना हे दिसायचं कारण नाही. ते दाखवणं बनवणाऱ्याचं काम आहे. इथेच बहुतेक जण चुकतात. ते एकतर लगेच 'हो' म्हणतात किंवा वैतागून 'होणार नाही' म्हणतात. 'हो, आणि त्यासाठी एवढं लागेल' हे मधलं उत्तर कुणी देत नाही.

मग करायचं काय?

यासाठी महागडं टूल लागत नाही. एक कागद, एक स्प्रेडशीट आणि ठरलेला वार पुरेसा आहे.

१. एका पानाचा करार. सुरुवातीला काय बनणार हे साध्या मराठीत लिहा. त्याहून महत्त्वाचं म्हणजे काय बनणार नाही, तेही लिहा. 'मोबाईल ॲप यात नाही', 'जुन्या वह्यांमधला डेटा भरून देणं यात नाही' अशी चार वाक्यं पुढची अनेक भांडणं वाचवतात. जास्तीच्या कामाचा दिवसाचा दर तिथेच ठरवा. भांडण नसताना ठरलेला दर कुणाला टोचत नाही.

२. निर्णय घेणारा एकच माणूस. काका एक सांगतात, त्यांचा मुलगा दुसरं आणि अकाउंटंट तिसरं. ऐकायचं सगळ्यांचं, पण शेवटचा 'हो' कुणाचा, हे पहिल्या दिवशी ठरवा.

३. बदलांची वही. प्रत्येक मागणी एकाच ठिकाणी लिहा: तारीख, कुणी सांगितली, का हवी, किती तास, किती पैसे, काय ठरलं. फोनवर बोलणं झालं असेल तर नंतर दोन ओळींचा मेसेज पाठवून पक्कं करा. 'का हवी' हा रकाना सोडू नका. "उधारीची यादी वेगळी हवी" यामागचं कारण "कुणाला फोन करायचा ते सकाळी कळलं पाहिजे" असं असेल, तर नव्या स्क्रीनऐवजी आहे त्या रिपोर्टला एक फिल्टर लावूनही काम भागू शकतं.

४. तीनच उत्तरं: आता, नंतर, नाही. ठरलेल्या रकमेत 'आता' म्हणायचं असेल, तर तेवढ्याच वजनाचं दुसरं काम पुढे ढकला. एक आत, एक बाहेर. निवडणं सोपं जावं म्हणून 'मॉस्को' नावाची पद्धत वापरतात. ती १९९४ मध्ये ओरॅकल कंपनीत काम करणाऱ्या डाय क्लेग यांनी मांडली. रशियाच्या राजधानीशी तिचा संबंध नाही, चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून ते नाव पडलंय. तिचे चार गट म्हणजे असलंच पाहिजे, असावं, असलं तर बरं आणि या वेळी नाही. जीएसटीचा बरोबर हिशेब पहिल्या गटात, दुकानाचं नाव मोठं करणं तिसऱ्यात.

५. दर आठवड्याला दाखवा. दोन महिन्यांनी पूर्ण सॉफ्टवेअर दाखवण्यापेक्षा दर शनिवारी जेवढं झालंय तेवढं काकांच्या हातात द्या. शक्यतो त्यांना खरं बिल बनवू द्या आणि तुम्ही गप्प बसून बघा. किलो-मीटर-नगाचा घोळ दुसऱ्या आठवड्यात कळला तर अर्ध्या दिवसाचं काम असतं, आठव्यात कळला तर पूर्ण स्टॉकच उलटापालटा होतो. स्क्रीन बनवण्याआधी कागदावर पेन्सिलने काढून दाखवली, तर आणखी स्वस्तात काम होतं.

६. कोड बदलायला सोपा ठेवा. दर, मर्यादा, बिलाचा नमुना अशा बदलू शकणाऱ्या गोष्टी कोडबाहेर ठेवा. 'गिट'सारखी आवृत्त्या जपणारी व्यवस्था एकट्याने काम करत असाल तरी वापरा, म्हणजे बदल फसला तर कालच्या ठिकाणी परत जाता येतं. आणि कराच्या हिशेबाच्या पाच-दहा स्वयंचलित चाचण्या लिहून ठेवा. डिस्काउंटचा रकाना टाकताना कराचं गणित बिघडलं, तर ते तुम्हाला आधी कळेल, ग्राहकाला नंतर नाही.

'नाही' म्हणायचं कसं?

खरी अडचण तांत्रिक नसून बोलण्याची असते. त्यासाठी एक नमुना पाहा:

"नमस्कार काका, डिस्काउंटच्या रकान्याचं लिहून घेतलं. यात बिल, कराचा हिशेब, रिपोर्ट आणि माल परतीचा भाग बदलावा लागेल. साधारण दोन दिवस लागतील. दोन पर्याय आहेत. एक, हे आता घेऊ आणि बारकोडचं काम पुढच्या टप्प्यात ठेवू, पैसे तेवढेच. दोन, दोन्ही करू, २,५०० रुपये आणि दोन दिवस जास्त लागतील. तुम्ही सांगाल तसं करतो."

यात 'नाही' हा शब्दच नाही. निर्णय काकांच्या हातात आहे आणि किंमत त्यांच्यासमोर आहे. बऱ्याचदा असा मेसेज गेल्यावर उत्तर येतं, "राहू दे, बारकोड आधी करा." म्हणजे मागणी तितकी गरजेची नव्हती. आणि उत्तर "दोन्ही करा" असं आलं, तर कामाचे पैसे मिळतात.

चूक आणि बदल यातला फरक

ही पद्धत प्रामाणिकपणे वापरली तरच टिकते. कराचा हिशेब चुकतोय किंवा सॉफ्टवेअर मध्येच बंद पडतंय, तर तो बदल नाही, ती बनवणाऱ्याची चूक आहे. ती फुकटातच दुरुस्त करायला हवी. स्वतःच्या चुकीला 'चेंज रिक्वेस्ट' म्हणून पैसे मागितले, की पुढच्या प्रत्येक खऱ्या बदलाच्या वेळी ग्राहक संशय घेणार.

सरकारने दर बदलला तर? ही ना बनवणाऱ्याची चूक, ना ग्राहकाची हौस. अशा गोष्टींसाठी वार्षिक देखभालीचा करार, म्हणजे एएमसी असते. तिच्यात काय येतं आणि काय येत नाही हे सॉफ्टवेअर देतानाच लिहिलं असेल, तर २२ सप्टेंबरसारखी तारीख जवळ आल्यावर घासाघीस करावी लागत नाही.

तुम्ही ग्राहक असाल तर?

तुमच्या दुकानासाठी, क्लाससाठी किंवा दवाखान्यासाठी कुणी सॉफ्टवेअर बनवत असेल, तर चार गोष्टी करा. पहिल्या बैठकीत तुमची वही, पावती पुस्तक आणि उधारीचं रजिस्टर समोर ठेवा, कारण तोंडी सांगताना जे राहून जातं ते वहीत असतं. रोज काउंटरवर बसणाऱ्या माणसाला त्या बैठकीत घ्या. सुचेल ते लगेच फोन करून सांगण्यापेक्षा आठवडाभर लिहून ठेवा आणि एकदाच सांगा. तोवर त्यातल्या काही मागण्या तुम्हालाच नकोशा वाटतील. आणि कुणी 'सगळं होईल, काळजी नको' म्हणालं, तर जरा काळजी करा. 'होईल, पण दोन दिवस लागतील' म्हणणारा माणूस जास्त भरवशाचा असतो.

घर पाहावं बांधून, असं आपल्याकडे म्हणतात. घर बांधताना खिडकीची जागा बदलली तर गवंडी थांबतो, विचारतो, जास्तीचे पैसे सांगतो आणि मालकालाही त्यात काही वावगं वाटत नाही, कारण पाडलेली भिंत डोळ्यांसमोर असते. सॉफ्टवेअरमधली भिंत दिसत नाही. म्हणून ती लिहून दाखवावी लागते. सांगलीच्या दुकानात पुढच्या शनिवारीही काका 'एवढं एकच' म्हणणारच आहेत. वहीत एक ओळ वाढेल, तिच्यापुढे तास आणि पैसे लिहिले जातील आणि काका त्यातलं हवं ते निवडतील.